शिवलेली टोपी

"टोपी काढ, पुंजा," रावजी तात्या म्हणाले.

सरण रचून झालं होतं, पुंजाच्या आईला, फुलाबाईला, त्यावर ठेवलं होतं. चैत्रातली दुपार. सिन्नरजवळच्या त्या गावाच्या स्मशानात पत्र्याची शेड होती, पण ती माणसांना उभं राहायला. सरण उघड्यावर होतं. पुंजाने अंगावर पंचा लपेटून घेतला होता, तेवढं भावकीने चालवून घेतलं. हातात पाण्याचं मडकं होतं आणि डोक्यावर रुंद काठाची, मानेवर पडदा सोडलेली कापडी टोपी.

तात्या त्याचे सख्खे चुलते. त्यांनी समजुतीने सांगितलं की अग्नी देणाऱ्याच्या अंगावर शिवलेलं काही चालत नाही, डोकं उघडं लागतं, त्यावर पंचाही नको. दत्तू न्हावी केस काढील, मग फेऱ्या, मग अग्नी.

पुंजा हलला नाही.

त्याच्या अंगात जन्मापासून रंग नव्हता. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. उन्हात डोळे मिटायचे आणि कातडी भाजायची. पहिल्याच उन्हाळ्यात बाळाच्या टाळूवर फोड आले. तेव्हा फुलाबाईने देवळाली कॅम्पच्या बाजारातून, जुन्या कपड्यांच्या ढिगातून एक फौजी टोपी आणली. घरी ती उसवली, तुकडे वर्तमानपत्रावर ठेवले आणि कोळशाने भोवती रेघ मारली. पुढे पोर वाढलं तसा तिने तो कागद वाढवत नेला. नवऱ्याची जुनी धोतरं, ओटीत आलेले ब्लाउजपीस, जे मिळेल ते कापड दुहेरी घ्यायची. काठ ताठ राहावा म्हणून त्यात शर्टाच्या कॉलरीतलं बकरम घालायची. गावात त्याला कुणी कलेक्टर म्हणायचं, कुणी इंग्रज. बायका तिला विचारायच्या, साहेबाची गाडी कधी यायची? ती म्हणायची, "गाडीचं नंतर बघू, आधी टोपी तर होऊ द्या."

गाडी आली नाही, बायकोही आली नाही. औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीचा वॉचमन म्हणून तो लागला. अंधार पडला की घराबाहेर, उजाडायच्या आत घरात.

तरीही गेल्या वर्षी कानावरची एक जखम भरेना. नाशिकच्या डॉक्टरांनी कानाची पाळी कापली. डोक्यावरही दोन ठिकाणी कातडी बिघडली होती, तीही काढली. यापुढे डोक्याला ऊन लागलं तर आपल्याकडे उपाय उरणार नाही, असं त्यांनी बजावलं. दवाखान्याच्या बाकावर फुलाबाईने त्याच्या टोपीचा काठ बोटांनी मोजला. मग म्हणाली, काठ दोन बोटं कमीच पडला.

तोवर तिला दिसेनासं झालं होतं. म्हणून तिने त्याला शिवायला बसवलं. त्यालाही जवळचं नीट दिसायचं नाही. सुई ओवण्यातच त्याचा जीव जायचा. शिवण झाली की ती बोटांनी चाचपायची आणि उसवायला सांगायची. एकदा तो वैतागला. "तू हाय ना? मग मी कशाला शिकू?"

"मी हाय तोवरच शीक," ती म्हणाली.

आज डोक्यावर होती ती, तिने उसवायला न सांगितलेली पहिली टोपी.

सकाळीच त्याने तात्यांना विनवलं होतं की आईला दिवस कलल्यावर नेऊ. पण कळवणहून त्याची बहीण संजना येऊन पोचली होती, सोयरे जमले होते, आणि उकाड्यात मढं ठेवायला कुणी तयार नव्हतं.

"थोड्या वेळाचं काम हाय," तात्या आता चिडले. "आईपेक्षा कातडी मोठी झाली का रे तुला?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याचा हात टोपीच्या काठापर्यंत गेला. तिथेच थांबला आणि खाली आला.

"तात्या, मी टोपी काढली तर तिला आवडायचं नाय."

"मग योगेशकडे दे मडकं."

तात्यांना वाटलं होतं, एवढं म्हटल्यावर तो काढील. योगेश चुलतभावाचा मुलगा, मागे उभा होता. पुंजाने मडकं त्याच्या खांद्यावर नीट ठेवलं, जमीन तापलीय, जपून चाल म्हणाला, आणि शेडखाली जाऊन उभा राहिला. कुणीतरी थुंकलं. असला मुलगा असण्यापेक्षा नसलेला बरा, असंही कुणी बोललं, हळू, पण त्याला ऐकू जाईल इतकं.

उजेड असा होता की पुंजाचे डोळे उघडेनात. आईचा अग्नी त्याला दिसला नाही. लाकडं तडकल्याचं तेवढं ऐकू आलं.

जाताना तात्यांनी निकाल दिला. तेराव्यापर्यंत सगळं योगेश करील, पुंजाने मधे यायचं नाही. कोणीही त्याला घरी चल म्हटलं नाही.

दिवस डोंगराआड गेला तेव्हा दत्तू स्मशानालगतच्या नदीच्या कडेला वस्तरा धूत होता. पुंजा शेडखालून निघून त्याच्यापुढे येऊन बसला आणि केस काढ म्हणाला.

दत्तू घुटमळला. "तात्यांना कळलं तर?"

"मुलगा हाय मी तिचा, दत्तू."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दत्तूने डोक्यावर पाणी घातलं, दोन्ही व्रणांना वळसा घालून वस्तरा सावकाश फिरवला. पांढरे केस पांढुरक्या वाळूत पडले. ते वेगळे दिसतही नव्हते.

पुंजा उठला, टोपी घातली. केस गेल्याने ती सैल झाली होती, भुवयांवर उतरत होती. पलीकडे अजून धूर निघत होता. ऊन कुठेच उरलं नव्हतं, तरी तो एका हाताने काठ धरून गावाकडे चालू लागला.