झोपलेल्या देवीची मुलगी

मी आतापर्यंत सदतीस देव बनवलेत. त्यातले चार मेले, एकाला बोका नावाच्या माझ्या मित्राने फसवून बेडूक केलं, आणि एक देवी अशी आहे की तिचा विषय निघाला तर मी बोलणं बदलते. ही तिचीच गोष्ट.

आधी खेळ सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही काय बरळतेय. चारजण टेबलाभोवती बसायचं. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं आणि चौथीने, म्हणजे मी, उरलेलं सगळं व्हायचं. डोंगर मी, दरोडेखोर मी, वादळ मी आणि देवही मीच. "समोर दार आहे," मी म्हणते, "कुलूप नाही, पण आत कोणीतरी श्वास घेतंय." मग ते तिघं काय करायचं ते ठरवतात आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. बारीकसारीक नियम ढीगभर आहेत, पण आमच्या टेबलाचा मुख्य नियम एकच: तोंडातून निघालं की घडलं. "नाही नाही, गंमत केली" चालत नाही. हा नियम वकीलने आणला. ती आमच्या वर्गशिक्षिकेची मुलगी, आणि खडूचे तुकडे कोणी किती घ्यायचे यावरही अर्धा तास वाद घालू शकते, म्हणून वकील.

आम्ही खेळतो बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात, मागच्या खोलीत, शनिवारी शाळा लवकर सुटते तेव्हा. चारी बाजूंना कागदाच्या रिमांच्या थप्प्या, मध्ये जुनं टेबल, बाहेर मशीनची घरघर. नकाशे मी वाया गेलेल्या प्रतींच्या पाठीवर काढते. त्यामुळे माझ्या पाताळाच्या मागे कोणाचातरी भाडेकरार आहे आणि पाचव्या स्वर्गाच्या मागे कोणाच्यातरी गुडघ्याचा रिपोर्ट.

मला भोंगा म्हणतात. सातवीपर्यंत मी हजेरीला "हजर" म्हणायचे ते पुढच्या बाकालासुद्धा ऐकू जायचं नाही, म्हणून चिडवायला ठेवलेलं नाव. पण खेळ सुरू झाला आणि माझा आवाज जो फुटला तो फुटलाच! मी बोलायला लागले की तिघं तोंडाचा आ वासून ऐकायचे. बाबा बाहेरून ओरडायचे, "अगं, गिऱ्हाइकं घाबरतायत, तुझा राक्षस जरा हळू आवाजात मार!" आता नाव शोभतं मला.

आणि शिडी. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. वर्गात सर्वात उंच, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातलं पुसायला बाई तिलाच बोलावतात. खेळात ती कंदीलवाली वाटाडी. कमी बोलायची, पण तिने "इथून नको" म्हटलं की खेळात लुटारू होणारा बोकासुद्धा लूट सोडून मागे फिरायचा.

सहामाहीच्या आधी एकदा मी नकाशासाठी रद्दीचा गठ्ठा उपसत होते. एका वाया गेलेल्या प्रतीच्या पाठीवर एकच सही चाळीसेक वेळा केलेली सापडली. सुरुवातीच्या सह्या थरथरत्या, शेवटच्या एकदम झोकात. सही शिडीच्या आईची होती. शिडीला विचारलं तर तिने मला जिन्यात ओढत नेलं आणि सगळं सांगितलं. आई उठतच नाही. ताप नाही, काही नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असते. स्वयंपाक शिडी करते, कपडे शिडी धुते, शाळेच्या डायरीत आईची सही शिडी करते, आणि कोणी फोन केला की सांगते, "आई झोपलीय, रात्रपाळी होती."

"कोणाला सांगायचं नाही," ती म्हणाली. "कळलं की मावशी येणार. आईला दवाखान्यात टाकणार आणि मला उचलून तिच्या गावी नेणार. शप्पथ घे."

मी शप्पथ घेतली. आणि पाळलीही, अगदी पाच महिने.

मग एका शनिवारी बोका म्हणाला, "भोंगे, तुझे देव सगळे एकाच साच्यातले गं. चिडतात, वीज पाडतात, संपलं. आमचे गणिताचे सरही तेच करतात." वकील हसली. शिडीही हसली. मला जे काही झोंबलं! सातवा स्वर्ग बनवायचा बाकी होता आणि मी ठरवलं, असा देव आणीन की यांची बोलती बंद होईल.

त्या संध्याकाळी भूमितीचा गृहपाठ करताना ती आली. उजेडाची देवी. दोनशे दिवस पलंगावरून न उठलेली. तरी जगात रोज सकाळ होतेच, कारण तिची मुलगी स्टुलावर चढून सूर्य बाहेर ओढते. मुलगीच आईच्या मोहोरेने फर्मानं काढते. स्वर्गात कोणाला पत्ताच नाही. मी एका दमात आठ पानं लिहिली. हात दुखला तरी थांबले नाही. माझ्या बाकीच्या छत्तीस देवांत इतका जिवंत एकही नव्हता.

ती कुठून आली हे मला कळलं नाही असं म्हणाले तर ते धादांत खोटं होईल. कळलं होतं. पण मी स्वतःची समजूत घातली: देवी सोन्याची आहे, शिडीची आई कुठे सोन्याची आहे? देवीला सहा हात आहेत. कोण ओळखणार?

शनिवारी मी सुरू केलं. महालाच्या पायऱ्या, दारापुढे तिष्ठत बसलेले ढग, हातात अर्ज घेतलेले वारे. तिघंही पुढे सरकून बसले. दार उघडलं आणि मी मुलीचा आवाज काढला, "आई झोपलीय. रात्री काम होतं तिला."

बोका खो खो हसला. "अरे, हे तर आपल्या शिडीचं वाक्य! हिच्या घरी कधीही फोन करा, हेच!"

तो सहज बोलला. त्याच्या डोक्यात काहीही नव्हतं. पण वकीलने आधी शिडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पेन खाली ठेवलं. शिडी समोरच्या फाशाकडे बघत होती.

तेव्हाच थांबायला हवं होतं मी. पाणी प्यायला उठले असते, बाबांनी हाक मारलीय म्हणाले असते, शंभर बहाणे होते. पण खेळ इतका रंगला होता! सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मला ते सोडवेना.

"मला फर्मानावरची मोहोर तपासायचीय," वकील म्हणाली आणि फासा टाकला. अठरा. "सांग. खरी की खोटी?"

अठरा पडल्यावर खरं सांगावंच लागतं. "खोटी," मी म्हणाले. "मुलीने वाया गेलेल्या ढगांच्या पाठीवर सराव केलाय."

"म्हणजे सरळसरळ गुन्हा. देवांच्या सभेला कळवायला हवं."

"आधी महाल लुटू की," बोका म्हणाला.

"लुटायचं काय त्यात? ती पोरगी एकटी मरतेय तिथे. तिच्या भल्यासाठीच सांगतेय मी."

"मी आत जाते," शिडी म्हणाली.

"आत जायला आधी दारावरच्या पहारेकऱ्याला..."

"मी आत गेले. तोंडातून निघालं ना? घडलं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "पलंगापाशी जाते. कंदील खाली ठेवते. आणि देवीला मारते."

बोक्याचं हसू ओठावरच राहिलं. बाहेर मशीन घरघरत होतं, बाबा कोणालातरी "पाठपोट हवंय का?" विचारत होते.

"किती पडायला हवेत?" शिडीने विचारलं.

"वीस," मी म्हणाले. वीसपेक्षा जास्त सांगता आलं असतं तर तेही सांगितलं असतं.

तिने फासा टाकला. चार.

आता काहीतरी बोलणं भाग होतं, कारण टेबलावरचं जग माझं. "देवीला जाग येत नाही," मी पुटपुटले. बऱ्याच महिन्यांनी माझा जुना आवाज निघाला होता. "ती फक्त कूस बदलते."

"हो," शिडी म्हणाली. "तेवढंच करते ती."

तिने दप्तर उचललं, खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेली.

वकीलने मला सोडलं नाही. "भोंगा, खरं सांग. शिडीची आई ना?"

"काहीतरीच काय? खेळ आहे हा."

"दोनशे दिवस झाले?"

"छे, मला कळल्याला पाचच महिने झालेत," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

बोका हळूच म्हणाला, "आई गं."

"मी आज आईला सांगणार," वकील उभी राहिली.

"नको ना! ती मावशी येऊन तिला घेऊन जाईल. शप्पथ घातलीय तिने मला."

"शप्पथ?" वकीलचे कान लाल झाले होते. "तुला पाच महिने माहीत होतं, तू एकाही मोठ्या माणसाला सांगितलं नाहीस, आणि त्याचा खेळ केलास? आणि वरून मलाच नको म्हणतेस?"

मी नकाशे टेबलावर तसेच टाकून उठले.

मी धावत शिडीच्या घरी गेले. चार मजले चढून बेल वाजवली तेव्हा छातीत भाता चालला होता. तिने दार अर्धंच उघडलं. हाताला साबणाचा फेस. आत बादलीत नळ सोडलेला ऐकू येत होता, आणि त्यापलीकडच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं.

"सॉरी," मी म्हणाले. "अगं, मी नाव घेतलं नव्हतं. सहा हात होते तिला."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच नाही विचारलंस ना?"

मी मान खाली घातली. मग जे सांगायला आले होते ते सांगितलं, की वकील तिच्या आईला सांगणारेय, बहुतेक सांगूनही झालं असेल. शिडीने दाराची कडा इतकी घट्ट धरली की फेस लाकडावरून खाली ओघळला.

"कधी येतील बाई?"

"माहीत नाही. मी सांगू त्यांना की खोटं आहे? मी म्हणते, सगळं मी बनवलंय."

"बनवलंस तूच," ती म्हणाली. "पण खोटं नाहीये." नळ बंद करायला ती आत वळली, जाता जाता म्हणाली, "आता घर आवरायला हवं. तू जा."

बाई दुसऱ्याच दिवशी गेल्या. बुधवारी मावशी आली, दोन मोठ्या बॅगा घेऊन. शिडी तीन दिवस शाळेत नव्हती. वर्गाचं दार वाजलं की वाटायचं, आली तिचा दाखला न्यायला. पण मावशीने कोणालाच कुठे नेलं नाही. बॅगा तिच्याच कपड्यांच्या होत्या. ती राहायलाच आली होती. आता ती दर मंगळवारी शिडीच्या आईला डॉक्टरांकडे घेऊन जाते. काही मंगळवारी शिडीची आई जाते, काही मंगळवारी उठतच नाही.

"मग बरंच झालं की गं," बाबा म्हणाले. माझी आईही तेच म्हणाली, आणि बाईंनी तर मला जवळ घेऊन शाबासकी दिली. वकीलने म्हणे घरी सांगताना "भोंग्यामुळे कळलं" एवढंच सांगितलं होतं. मी शाबासकी घेतली. नाही म्हणायला हवं होतं, पण घेतली. शिडी मागच्या बाकावरून बघत होती.

ती माझ्याशी भांडली नाही. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी भांडण्यात आता चांगली आहे. ती फक्त साधं बोलते, जसं कोणाशीही बोलतो तसं. पट्टी दे. बाईंनी बोलावलंय. शनिवारी मागच्या खोलीत आता मी एकटी बसते. बोका दोनदा डोकावून गेला. वकील बाहेरच्या बाहेर पेनाच्या रिफिली घेऊन जाते.

परवा शिडी दुकानात आली. बाबा कागद आणायला गेले होते, मशीनपाशी मीच होते. तिच्या हातात दवाखान्याची फाईल होती.

"सगळ्या पानांच्या दोन दोन," ती म्हणाली.

मी एकेक पान उलटं ठेवत गेले. पानांवर काय लिहिलंय ते वाचायचं नाही म्हणून मान वर करून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. तीन पानं तिरकी आली, पुन्हा काढली. तिरकी आलेली मी तिच्यासमोरच फाडायला घेतली. तिने हात पुढे केला, ती मागून घेतली आणि घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली.

मग फाईल बांधता बांधता म्हणाली, "एक विचारू? ती मुलगी. सूर्य ओढणारी. तिचं पुढे काय होणार होतं?"

मी तोंड उघडलं. देवीच्या महालाला किती खिडक्या ते मला माहीत होतं. तिच्या सहाही हातांतल्या बांगड्या कोणत्या धातूच्या तेही. आठ पानं भरून लिहिलं होतं मी.

"तिचं काही ठरवलं नव्हतं," मी म्हणाले.

शिडीने फाईल काखेत मारली, "वीस पानं झाली ना?" म्हणाली, आणि मी हो म्हटल्यावर पायरी उतरून गेली.