त्या ग्रहाची निळी दुपार

"यानातलं यंत्र फोटो काळे-पांढरेच पाठवतं हो, चित्रकार. रंगांचे आकडे मी देतो, रंग तुम्ही भरा. आभाळ मातकट निघेल, बघा."

थोरल्या साहेबांचा तो खर्जातला आवाज. साहेब जाऊनही आता बरीच वर्षं लोटली. पण अंतराळ संस्थेच्या दालनात पाऊल ठेवलं की म्हाताऱ्या चित्रकाराच्या कानात तो घुमायचाच.

आज दालनात शिडी लागली होती. त्याने काढलेलं त्या ग्रहाचं भिंतभर चित्र उतरवायचं होतं. आणि शिडीच्या खालच्या पायरीवर त्याची लेक ठाण मांडून बसली होती. शाळेच्या मुलांना ग्रहतारे समजावून सांगण्याचं काम ती इथंच करायची.

"ताई, उठा की," चित्र उतरवायला आलेला कामगार म्हणाला. "जेवायची वेळ झाली आमची."

"मग जेवा ना! मी काय घास धरलाय तुमचा?"

विभागप्रमुखांच्या हातात नव्या यानाने पाठवलेला रंगीत फोटो होता. आभाळ मातकट, जुन्या गोणपाटासारखं. भिंतीवरचं मात्र निळंशार.

"बाई, हट्ट पुरे. चित्र चुकलंय."

"बाबांचा रंग चुकत नाही. थोरल्या साहेबांनी आकडेच चुकीचे दिले. मी लेखी दिलंय सगळं." तिने कागद पुढे केला. "हे वर पाठवा, नाहीतर माझा राजीनामा घ्या."

चित्रकाराने भिंतीचा आधार घेतला.

ते चित्र काढताना त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सगळं जगच पिवळट. आभाळ फार पिवळं वाटे, म्हणून तो निळा ओतत गेला. आज थोडा, उद्या थोडा. डोळ्यांचं बोलला असता तर हातातला कुंचला गेला असता, आणि घरात खाणारी तोंडं चार. "मला निळं वाटतंय हो," साहेब म्हणाले होते. "आकड्यांबरहुकूम आहे, साहेब," त्याने छातीठोक सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. चित्रकार त्यांच्या विश्वासाचा माणूस.

शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटली, तेव्हा पाच वर्षांच्या लेकीचं बोट धरून तो इथं आला आणि चित्रासमोर थबकला. एवढं निळं! लेक मात्र हरखून गेली होती. "बाबा, तिथलं आभाळ आपल्यासारखंच?" तो "हो" म्हणाला. त्या एका होकारावर पोरीने अख्खा जन्म बेतला.

विभागप्रमुखांनी कागद वाचून घडी घातली. "गेलेल्या माणसावर आळ घेताय, बाई. वर पाठवला तर मागे घेता येणार नाही."

"पाठवा."

"थांबा." चित्रकार पुढे आला. त्याने विभागप्रमुखांच्या हातून कागद घेतला आणि लेकीच्या मांडीवर ठेवला. तिच्याकडे बघणं त्याला जमेना. तो भिंतीकडेच बघत राहिला.

"बाबा, तुम्ही यात पडू नका. मी बघते."

"साहेबांचे आकडे बरोबर होते, बाळा. मलाच दिसत नव्हतं. आणि मी कुणाला सांगितलं नाही."