धर्माजीची वीत

"मेली परत हीच पाटी माझ्या डोक्यावर! विणणाऱ्याच्याच टाळक्यावर खडी ओतली पायजे," सोमी पुटपुटली.

पाट्यांचा भारा उतरवत भागी तिच्या शेजारीच उभी होती. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. विणणारा तिचा सासरा होता, धर्माजी.

तारापूरला वीजघराचं काम निघाल्यापासून कुंभवलीच्या पाड्यावर बांबूला बरे दिवस आले होते. बायका डोक्यावरून खडी वाहत, आणि पाट्या भागीच्या घरच्या. आता मुकादम चंद्रभान म्हणत होता, "सगळ्या टोळ्यांना तुझ्याच पाट्या घेतो. लेकिन सब एक माप का. नाहीतर मुंबईहून लोखंडी घमेली येतील."

एक माप! एवढ्या पाट्या विणायच्या तर सगळा पाडा हाताशी हवा, आणि पाड्यावर जो तो आपापल्या वितीनं विणायचा. नवसीची वीत चिमणीची, झिपरूची त्याहून बरी, आणि धर्माजीनं पंजा उघडला की त्यात अख्खं पापलेट झोपावं. भागीनं मापासाठी बांबूच्या एकाच लांबीच्या कांबी कापून घरोघर दिल्या. "हिच्या बाहेर जायचं नाय." सगळ्यांनी मानलं. धर्माजीनं आपली कांब पाठ खाजवायला ठेवली.

"मी काठीनं मोजू? माझी वीत काय मेली?"

इथंच कुणीतरी बोलायला हवं होतं. पण पाड्याला विणायला शिकवलं ते त्यानंच; भागीलाही, ती नवी नवरी असताना. म्हणून झिपरू म्हणाला, "मामाच्या पाटीची गोष्टच येगळी." नवसी म्हणाली, "येगळीच तर!" आणि भागी चूल फुंकत बसली.

माल द्यायच्या दिवशी धर्माजी नवं मुंडासं बांधून भागी-झिपरूच्या सोबत आला. बायकांनी पाट्यांवर झडप घातली. नवसीच्या गेल्या, झिपरूच्या गेल्या. धर्माजीच्या तेवढ्या उरल्या, पंगतीत कारल्याची भाजी उरावी तशा.

"ये क्या है?" चंद्रभाननं त्या ढिगाकडे बोट दाखवलं. "एक माप बोला था ना?"

भागी भाऱ्याची दोरी गुंडाळू लागली. धर्माजीच भडकला. "माप बरोबर हाय! या बायांनाच भार नको. आण गं इकडं, दाखवतो!" त्यानं सोमीच्या हातातली तीच जुनी, सिमेंटनं माखलेली पाटी ओढून घेतली.

"घ्या मामा, घ्या," सोमीनं मोठ्या मायेनं ती शिगोशीग भरून दिली.

चढावर धर्माजीची मान कासवासारखी आत गेली. मुंडासं नाकावर आलं. वर पोचताच त्यानं पाटी धाडकन टाकली आणि तिथंच फतकल मारली.

"ही पाटी हाय का होडी? कुठल्या गाढवानं विणली?"

सोमी आभाळात काहीतरी शोधू लागली. झिपरूला खोकला आला. चंद्रभान भागीकडे बघत राहिला. भागीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, हसू ओठात दाबलं, ते दबेना.

"तुमीच, मामा."