तीन जातींचे दगड

करिष्माला शाळेत तीन जातींचे दगड न्यायचे होते. ज्ञानेशनं पलंगाखालची पिशवी ओढली. ताथवड्याच्या नव्या इमारतींत बारा वर्षं त्यानं स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगड कापले होते. त्यातले तुकडे तेवढे घरी आले होते.

“हा ग्रॅनाइट. जमिनीच्या पोटात दगडाचा पार रस झालेला असतो, तो सावकाश थंड होऊन असा घट्ट होतो.” एवढ्यावरच त्याला धाप लागली. पोरीनं सवयीनं तांब्या पुढं केला.

“हा संगमरवर. आधी साधा चुनखडीचा दगड होता. खोल दाबला गेला, शेकला गेला आणि बदलून गेला.”

“आणि ही शहाबादी फरशी?”

“ती गाळाची. पाण्याच्या तळाशी बारीक कण बसतात, थरावर थर. दाबून दाबून त्याचाच दगड होतो.”

“किती वर्षं लागतात, बाबा?”

“लाखो.”

उशाशी त्याच्या छातीचा एक्स-रे होता. कापताना पाणी सोडलं की घरभर चिखल होतो, म्हणून मुकादम कोरडंच कापायला लावायचा. तोंडाला काय, तर रुमाल. डॉक्टरांनी पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं होतं. ही दगडाची धूळ, म्हणाले, आता निघायची नाही. फुप्फुस असंच घट्ट होत जाणार.

करिष्मा वहीतून मान वर न काढता म्हणाली, “म्हणजे दगड होताना कुणालाच बघायला मिळत नसेल.”

ज्ञानेशनं एक्स-रेचं पाकीट गादीखाली सरकवलं.