मयत

“मागच्या खोलीकडं घे,” रेणुकाबाई म्हणाली.

डोमाजी बांबूनं डोंगा रेटत होता. “काकू, सकाळी बोटवाले हाका मारून गेले नं तेथं. सुधाकरराव आदिलाबादले पोराकडं गेले, असं लिवून घेतलं त्यायनं.”

“समोरून हाका मारल्या असन. मागं ऐकू येत नाही. बावीस वर्सं राह्यली मी त्या घरात. मागच्या सालचा कापूस पडून हाय, गंजीवर चढून बसला असन.”

“मंग सकाळीच काऊन नाही सांगितलं?”

“तू डोंगा रेट,” ती म्हणाली.

चक्रीवादळ समुद्रावरच विरलं होतं, पण त्याच्या पावसानं पैनगंगा गावात आणली होती. सकाळपासून शाळेच्या ओट्यावर बसून रेणुकाबाई खालच्या हातपंपाकडं पाहत होती. तोटी बुडाली, म्हणजे दिराच्या, सुधाकररावांच्या, मागच्या खोलीत कंबरभर पाणी. दांडा बुडाला, म्हणजे छातीभर. दोन्ही वेळा ती गप्प राहिली. पंपाचं डोकंही दिसेनासं झालं, तेव्हा मात्र तिच्या लक्षात आलं: हा मेला, तर आपल्याला जिवंत म्हणणार कोण?

नवरा गेल्यावर याच धाकट्या दिरानं शेताला वारस म्हणून स्वतः एकट्याचं नाव लावलं होतं. कागद तेलुगूत, तिला अक्षर वाचता येत नव्हतं. चार वर्षांनी बियाण्यासाठी रांगेत उभी राहिली, तेव्हा कारकुनानं सांगितलं, “बाई, तुम्ही मयत आहात.” मागचे लोक हसले होते.

डोमाजीनं मागच्या खोलीच्या छपराचा पत्रा उचकटला. आत, ओल्या कापसावर, सुधाकरराव गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

“कोन हाय?”

“मेलेली.”

त्यांनी हात पुढं केला.

“काकू, हात द्या त्यायले. भिंत खचून राह्यली,” डोमाजी ओरडला.

“थांब. भाऊजी, मी कोन?”

“वहिनी...”

“नाव सांगा.”

“रेणुकाबाई.”

“जित्ती का मेली?”

गंजी एका बाजूनं कलली. “जित्ती हाय वं माय! जित्ती हाय!”

“हे तहसिलवाल्यापुढं सांगा,” ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी त्यांची मनगटं धरली.

शाळेत तहसीलचा माणूस यादी करत होता. “कौन लाया?”

सुधाकररावांनी कुडकुडत डोमाजीकडं बोट केलं. रेणुकाबाई समोर येऊन उभी राहिली. त्यांच्यासाठीची कोरडी घोंगडी तिच्याच हातात होती.

“मेरी भाभी,” ते खाली बघत म्हणाले. “रेणुकाबाई. जिंदा है.”

आजूबाजूच्या बाया वळून बघू लागल्या. त्या माणसाला काही कळलं नाही. त्यानं तेलुगूत लिहून घेतलं.

तिनं घोंगडी दिरांच्या अंगावर टाकली.

“साब, इसमें मेरा नाम कौनसा?”

त्यानं पेनाचं टोक ठेवून दाखवलं. रेणुकाबाईनं ओले हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि अक्षरांना लागणार नाही असं बोट त्यांच्या खाली धरलं.