तोकुजीचा खांदा

आमच्या युगासावा गावात माणूस कुंडावर आला नाही की त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर तो मेलाय, नाहीतर कुणावर तरी रुसलाय. डोंगरातलं उकळतं पाणी गावाच्या कुंडात पडतं आणि दिवेलागणीला सगळे बाप्ये त्यात नागडे बसतात. म्हणून तोकुजी यायचा थांबला तेव्हा तो जिवंत आहे एवढं बघून घेतलं आणि गावाने ठरवून टाकलं, की हा हिसामात्सुवर रुसला.

कारण तयारच होतं. भाताच्या खाचरांना पाणी सोडायच्या पाळीवरून दोघांची जुंपली होती. हिसामात्सु तसा गेंड्याच्या कातडीचा, पण कुणी कुंड सोडणं म्हणजे आमच्याकडे फार झालं. लोकांनी त्याला टोचून खाल्लं. शेवटी तो साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली घेऊन तोकुजीच्या दारात गेला आणि पहिली पाळी तुझी म्हणून कबूल करून आला. तोकुजीने बाटलीही घेतली, पाळीही घेतली. तरी कुंडावर येईना.

मी त्याचा शेजारी, लहानपणापासूनचा. एका सकाळी त्याच्या सफरचंदाच्या बागेत आम्ही शिड्यांवर चढून फळं विरळ करत होतो. घोसातलं चांगलं एक ठेवायचं, बाकीची खुडायची. पाऊस पडून गेलेला, खाली माती लोण्यासारखी झालेली. तोकुजी शिडीवर फेंगडा उभा होता.

मी म्हणालो, "हिसामात्सुनं नाक घासलं की रं. आता काय त्याचं रगत पिणार हाईस?"

त्याने एका घोसातली जादा फळं खुडून खाली टाकली. मग झाडाकडेच तोंड करून म्हणाला, "त्याच्यावर राग न्हाई माझा. मला एक डाग पडलाय."

"कुठं?"

"पडू नये तिथं."

मी शिडीवरून पडता पडता राहिलो. मग त्याने सगळं सांगितलं. मागच्या हंगामात फळं उतरवली तेव्हापासून लिंगाच्या टोकाला एक लाल, चकचकीत चट्टा होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता आणि जातही नव्हता. त्याने पायाच्या चिखल्यांचं मलम लावून पाहिलं, बायकोचं हाताला लावायचं क्रीम लावून पाहिलं. शेवटी लसूण ठेचून लावला आणि अंगणभर नाचला. त्याच्या बायकोला, फुमिएला, यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणेल शहरातून काहीतरी घेऊन आला, ही एक धास्ती.

ऐकताना मी हसलो. पण त्याचं तोंड पाहिलं आणि हसू आटलं. तोकुजीच्या आईचा एक भाऊ होता. त्याच्या अंगावर महारोगाचे डाग दिसले तेव्हा गावाने त्याला कुंडात उतरू दिलं नाही, आणि मग सरकारी माणसं येऊन त्याला घेऊन गेली ती कायमचीच. गोष्ट जुनी झाली, पण तोकुजीने ती आईच्या मांडीवर ऐकलेली.

"क्यान्सर असंल तर असू दे," तो म्हणाला. "मरीन. पर मला कुंडातनं उठवलं तर म्या कुठं जाऊ?"

खोऱ्यातल्या दवाखान्यात गुरुवारी कातडीचे डॉक्टर बसतात. तिथे जा, म्हणून मी त्याच्या मागेच लागलो. तो गेला, आणि संध्याकाळी खांद्यावर औषधाची पट्टी चिकटवून परत आला. झालं असं, की नाव नोंदवायच्या खिडकीतल्या बाईने मोठ्याने विचारलं, काय होतंय? मागच्या बाकांवर अर्धं खोरं बसलेलं, त्यात फुमिएची मावशी. तोकुजी म्हणाला, खांदा. मग त्याला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय. मी त्याला नाही नाही ते बोललो. पट्टीने खांद्याला मात्र बरा आराम पडला, असं तो वर मलाच ऐकवत होता.

पुढच्या गुरुवारी मी त्याला माझ्या टेम्पोत घातला. खिडकीपाशी मीच पुढे झालो आणि कातडीचं दुखणं म्हणून सांगितलं. बाईने आधी तोकुजीला ओळखलं, मग त्याच्या खांद्याकडे एकदा बघून घेतलं. आत गेलो तर डॉक्टर म्हणजे तिशीतली बाई, मिनोवा नावाची. तोकुजीचे पाय दारातच रुतले. कुणाला दाखवायचंय, असं बाईंनी विचारलं आणि या हरामखोराने माझ्याकडे बोट केलं.

"पडद्यामागे जा आणि विजार उतरवा," बाई मला म्हणाल्या.

मी उठलो, पट्ट्याला हात घातला. "तोकुजी, मी माझं दावतो, लेका. पर माझं बघून तुझा डाग जायचा न्हाई."

त्याने माझा हात पट्ट्यावरून काढला. मग हळूच म्हणाला, "बाई, माझाच हाय."

मिनोवाबाईंनी भिंग लावून पाहिलं. किती दिवस आहे, रक्त येतं का, काय काय लावलंत, हे सगळं त्यांनी भाताचा भाव विचारावा तसं विचारलं. लसणापाशी तेवढ्या जरा थांबल्या. जागा बधिर करून त्यांनी कातडीचा एक बारीक तुकडा तपासायला काढला. निकालाच्या दिवशी तोकुजी माझी बाही धरून बसला होता.

"कॅन्सर उंबऱ्यापर्यंत आलाय, घरात शिरलेला नाही," बाई म्हणाल्या. "अगदी वरच्या कातडीतच आहे. तेवढं काढून टाकू, मग अधूनमधून दाखवायला यायचं. असेच लसूण चोळत बसला असतात तर मात्र अवघड होतं."

त्याने एकच विचारलं. "कुंडात उतरल्यालं चालंल?"

"जखम भरली की खुशाल उतरा. कुंडातल्या पाण्यातून हे कुणाला होत नाही."

तोकुजी तिथेच रडला, मोठ्याने, नाक पुसत. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. घरी जाऊन त्याने फुमिएला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मला वाटलं माझ्यावरनं मन उडालं तुमचं." आणि मग क्रीमच्या बाटलीवरून त्याला चांगला फैलावर घेतला.

सफरचंदांवर लाली चढली तेव्हा तो कुंडावर आला. हातातला पंचा त्याने डोक्यावर ठेवला, समोर धरला नाही. हिसामात्सुने सरकून जागा केली आणि पाण्याचं भांडण मिटलं ना, असं विचारलं. तोकुजी नुसती मान हलवून गप्प बसला असता तर पाळी त्याचीच राहिली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"भांडण नव्हतंच," तो म्हणाला. "मला हितं डाग पडला हुता. क्यान्सर व्हायच्या आत काढून घेतला. तुझी पाळी तुला माघारी."

मी एकेकाकडे बघत होतो, कोण पाण्यातून उठतो ते. कुणीही उठलं नाही. हिसामात्सुने पाण्यात बघितलं, मग छपराकडे बघितलं.

"कोणत्या वारी बसतो म्हणायचा ह्यो डॉक्टर?"

"गुरुवारी."

तोकुजीला पुन्हा दाखवायला नेलं त्या गुरुवारी खिडकीपुढे हिसामात्सु उभा होता, आणि त्याच्यामागे आमच्याच कुंडावरचे आणखी दोघे. तिघेही एकमेकांना ओळख दाखवत नव्हते. खिडकीतल्या बाईने विचारलं, काय होतंय?

"खांदा," हिसामात्सु म्हणाला.

बाईने मान वर न करताच सांगितलं, "युगासावाचे ना? डावीकडे जा. कातडीचा विभाग."