अध्यक्ष आत, मूठ बाहेर

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रहस्यकादंबरी पुरस्काराच्या परीक्षक समितीचे अध्यक्ष चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधल्या पुस्तकांच्या खोलीत अडकले. दाराची कडी आतून लागली होती. ती लावली मात्र बाहेरून गेली होती, आणि ती लावणाऱ्या दोन बायका, दोघी त्याच समितीच्या सदस्य, दाराबाहेर फरशीवर पालथ्या पडून एकमेकींकडे बघत होत्या. एकीच्या हातात दातांच्या फटी साफ करायचा दोरा होता. दोऱ्याच्या टोकाला कडीची पितळी मूठ लोंबत होती.

दोरा धरलेल्या बाईला सगळे खुनीबाई म्हणतात. ती एका दैनिकात दर रविवारी नव्या रहस्यकादंबऱ्यांवर लिहिते, आणि ऑफिसातून येणारा फोन बारा वर्षं एकाच वाक्यानं सुरू होतो: खुनीबाई, मजकूर? नाव जिन्यात पोचलं, मग वाण्याकडे पोचलं, आणि आता सासूबाईसुद्धा फोन उचलून ‘खुनीबाई आंघोळीला गेल्यात’ असं बिनदिक्कत सांगतात.

बारा वर्षांत एक गोष्ट मात्र झाली होती, जी तिनं नवऱ्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती. तिला खुनी लवकर दिसायला लागला होता. साठाव्या पानाच्या आसपास तो कुठल्या तरी खुर्चीत बसलेला सापडायचाच. एक तर फार मदत करणारा, नाहीतर उगाच एका वाक्यात ओझरता आलेला. पुढची दोनशे पानं ती दुसऱ्याची बेरीज तपासावी तशी वाचायची. बेरीज बरोबर यायची. मजा यायची नाही.

मग गेल्या महिन्यात स्पर्धेच्या गठ्ठ्यातून ‘तिसरी उशी’ हाती आली. नवख्या लेखिकेची पहिलीच कादंबरी, छोटा प्रकाशक, कागद इतका पातळ की मागच्या पानावरचा खून पुढच्या पानावर दिसावा. खुनीबाई ती बसमध्ये वाचत होती. साठाव्या पानावर तिला खुनी दिसला, नव्वदाव्या पानावर तो बदलला, आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात ती अशी तोंडघशी पडली की आपला थांबा कधीच मागे गेला हे तिला डेपोत कंडक्टरनं खांदा हलवून सांगितलं. ती डेपोपासून घरापर्यंत चालत आली, आणि वाटभर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. आपल्याला वाचायला अजून आवडतं, हे तिला त्या दिवशी नव्यानं कळलं होतं.

म्हणून ही कादंबरी पहिली यावी असं तिला वाटत होतं, आणि हे वाटणं साधंसुधं नव्हतं. पुरस्कार मिळाला नाही तर ते पुस्तक महिनाभरात दुकानाच्या मागच्या खोलीत जाणार होतं. आणि पुरस्काराचा नियम असा, की तिन्ही परीक्षकांच्या सह्या हव्यात. एक जरी अडली तरी त्या वर्षी पुरस्कार नाही. गेली दोन वर्षं तो दिला गेला नव्हता, कारण अध्यक्षांनी दोन्ही वर्षी कागदावर ‘पात्र कादंबरी आढळली नाही’ एवढंच लिहून पेनाला टोपण लावलं होतं.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश. उंच, इस्त्रीचे, आणि स्वभावानं गोड. पण पुरावा म्हटलं की माणूस बदलायचा. तिसऱ्या परीक्षक दातांच्या डॉक्टर. दिवसभर त्या दुसऱ्यांच्या उघड्या तोंडात बघतात, त्यामुळे कुणी तोंड उघडण्याआधीच तो काय बोलणार हे आपल्याला कळतं असं त्यांचं मत आहे. पुरस्कार देणाऱ्या मंडळाच्या हॉलला रंग चालला होता, म्हणून यंदाची शेवटची बैठक खुनीबाईच्या घरी भरली होती.

पाच कादंबऱ्यांपैकी चार साडेतीनपर्यंत निकालात निघाल्या. एकीत शेवटच्या प्रकरणात खुन्याचा जुळा भाऊ उगवला होता. अध्यक्ष म्हणाले, जुळ्याचा जन्मदाखला निदान पहिल्या पन्नास पानांत जोडायला हवा होता. दुसरीत दर तीन प्रकरणांनंतर खुन्याचं मनोगत तिरक्या अक्षरात येत होतं, आणि ते इतकं लांब होतं की हा माणूस खून करायला वेळ कधी काढतो, असा प्रश्न सासूबाईंनी सरबत ठेवता ठेवता विचारला. तिसरीत मोक्याच्या प्रत्येक क्षणी मोबाइलची बॅटरी संपत होती. डॉक्टरांनी त्या इन्स्पेक्टरला एक चार्जर घेऊन द्या म्हणून सांगितलं, कादंबरी आपोआप निम्मी होईल. चौथी तिघांनाही बरी वाटली होती, आणि तिघांनाही ती आठवत नव्हती.

मग ‘तिसरी उशी’ची पाळी आली. खुनीबाईनं मनात तयारी केली होती, पण अध्यक्षांनी तिला बोलूच दिलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, की त्यांनी हे पुस्तक एकशेबाराव्या पानावर मिटलं आहे. त्या पानावर कादंबरीतली मुलगी पोलिसांना समजावते की आतून लावलेली कडी बाहेरून दोऱ्यानं कशी लावता येते. अध्यक्षांच्या मते ते साफ अशक्य होतं.

“कडी धातूची असते, बाई. ती दोऱ्याचं ऐकत नसते,” ते म्हणाले. “खोटा पुरावा दिसला की मी पुढचं वाचत नाही. सवय आहे.”

खुनीबाईनंही ती युक्ती करून बघितली नव्हती. ज्या फसवणुकीवर ती इतकी खूश झाली होती ती मुळात होण्यासारखीच नसेल, तर डेपोपासून चालत आलेला तो आनंदही बोगस ठरणार होता. बोलल्या त्या डॉक्टर. पुस्तकांच्या खोलीच्या दाराला अगदी तशीच आडवी कडी दिसते आहे, त्यांनी बोट दाखवलं, लावून बघू की.

पद्धत पुस्तकात नीट दिली होती. दोरा दुहेरी करून कडीच्या मुठीला अडकवायचा, तो चौकटीत टोचलेल्या टाचणीवरून वळवून खाली आणायचा आणि दाराखालच्या फटीतून बाहेर घ्यायचा. बाहेरून ओढलं की कडी सरकते. मग दोऱ्याचं एक टोक सोडून दुसरं ओढलं की दोरा निघून येतो. अध्यक्षांनी अट घातली की आत कुणी बोट लावलं नाही याला साक्षीदार हवा, आणि तो साक्षीदार तेच असतील. आपली प्रत काखेत मारून ते आत गेले, म्हणजे प्रत्येक वाक्य ताडून बघता येईल. दार लोटलं.

सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा पहिल्यांदा तुटला. दुसऱ्यांदाही तुटला. आतून अध्यक्षांचा आवाज आला, प्रयोग दुसरा, अयशस्वी. त्यांच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं. खुनीबाईनं घाईघाईनं पान पुन्हा वाचलं. पुस्तकात मेण लावलेला दोरा म्हटलं होतं. डॉक्टरांनी पर्स उघडली आणि दातांच्या दोऱ्याची डबी काढली.

हा दोरा चालेल का, यावर दाराच्या दोन्ही बाजूंनी वाद झाला. अध्यक्षांनी याला मेण आहे का विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, आहे, शिवाय पुदिन्याचा वास आहे. आत क्षणभर विचार झाला.

“पुदिन्याची नोंद घेतो,” अध्यक्ष म्हणाले. “ओढा.”

कडी सर्रकन सरकली. चाळीस वर्षं दोन्ही बाजू ऐकून घेतलेल्या माणसाची पावलं दारापर्यंत आली. मग आतून एकच शब्द आला: “मान्य.”

इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम झालं. पण आनंदाच्या भरात खुनीबाईनं दोऱ्याचं एक टोक सोडायच्या ऐवजी दोन्ही टोकं एकदम हिसकली. टाचणी उडाली, आणि दोऱ्यासोबत कडीची मूठच दाराखालून बाहेर आली. मूठ मुळातच ढिली असणार, आणि आता तर ती मोडूनच आली होती. आत थोडी खुडबुड झाली. अध्यक्ष म्हणाले, बाई, इथे मूठ दिसत नाही. खुनीबाई म्हणाली, ती इकडे आलीये, सर.

नवरा कामानिमित्त परगावी होता, खिडकीला जाळी होती, आणि दाराखालून पक्कड जाईना. सुताराला फोन केला. तो हातातलं काम टाकून येणार नव्हता. साडेपाच होतील म्हणाला. अध्यक्षांनी आधी रीतसर नाराजी व्यक्त केली. मग त्यांनी विचारलं की खोलीत बसायला इस्त्रीच्या टेबलाशिवाय काही आहे का, आणि कोपऱ्यातलं स्टूल सापडल्यावर ते थोडे मवाळ झाले. त्यानंतर आवाजच बंद. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सासूबाईंना राहवेना. त्यांनी दारावर टकटक केली.

“अहो जज्जसाहेब, बरे आहात ना?”

“वाचतोय.”

“काय वाचताय?”

“एकशे तेरा.”

खुनीबाईनं आणि डॉक्टरांनी एकमेकींचे हात धरले आणि पॅसेजमध्ये आवाज न करता उड्या मारल्या. डॉक्टर पंचावन्न वर्षांच्या आहेत.

खरा धोका सासूबाईंचा होता. त्या प्रत्येक कादंबरीचं शेवटचं प्रकरण आधी वाचतात. कोण मेलं यापेक्षा कोण शिल्लक राहिलं हे आधी कळलेलं बरं, जिवाला घोर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. ‘तिसरी उशी’ त्यांनी दोनदा वाचली होती, आणि पोटात काही ठेवणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यामुळे आतून जेव्हा प्रश्न आला, की ही नर्स वेळेबद्दल खोटं का बोलते आहे, तेव्हा खुनीबाई ‘सर, वाचत राहा’ म्हणेपर्यंत सासूबाई दाराला लागल्या होत्या.

“नर्सचं सोडा हो, त्या बिचारीला काय, तो जो...”

पुढचं वाक्य डॉक्टरांच्या तळहातात गेलं. दुसऱ्याच्या तोंडावर हात नेमका कसा ठेवायचा हा त्यांचा रोजचाच व्यवसाय. सासूबाईंना स्वयंपाकघरात नेऊन बसवण्यात आलं, आणि त्यांनी तिथून निषेध म्हणून भांडी जरा जोरात घासली. दाराखालून वर्तमानपत्राच्या घडीवर चार बिस्किटं सरकवली. घडी रिकामी परत आली.

पाचच्या सुमाराला आतून घोषणा झाली.

“खुनी कंपाउंडर आहे. लिहून घ्या.”

दोघी एकमेकींकडे बघेनात, कारण बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. पानं उलटत राहिली. थोड्या वेळानं अध्यक्षांनी जरा खालच्या आवाजात सांगितलं, की कंपाउंडरबद्दलचं विधान ते मागे घेत आहेत, आणि ते नोंदीतून काढून टाकावं. खुनीबाईनं दाराला पाठ टेकली. साठ वर्षांवरच्या, कुणावर सहज विश्वास न ठेवणाऱ्या माणसाचा आवाज दहावीतल्या मुलासारखा झाला होता. डेपोपासूनचा तो आनंद बोगस नव्हता. ती एकटीच फसली नव्हती.

साडेपाचला सुतार आला, आणि अध्यक्षांनी त्याला पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. सुतारानं बायकांकडे पाहिलं. आत माणूस आहे? आहे. त्याला बाहेर यायचं नाही? इतक्यात नाही. घरगुती भांडण असेल तर मी कडीला हात लावत नाही, सुतारानं स्पष्ट केलं, मागे एकदा दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या आहेत. त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ऐकून त्यानं दोऱ्याची डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि खिशात टाकायच्या बेतात असताना डॉक्टरांनी ती परत घेतली. मग त्यानं फटीतून करवतीचं पातं घातलं आणि कडी कापायला घेतली. आवाज जरा कमी करा, आतून सूचना आली.

दार उघडलं. अध्यक्ष खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. कोट इस्त्रीच्या टेबलावर, पाय जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर, मांडीवर बिस्किटांचा चुरा. त्यांनी मान वर केली नाही, नुसतं एक बोट वर केलं. सुतार पैसे घेऊन गेला. दार सताड उघडं राहिलं, आणि त्यातून कुणी बाहेर आलं नाही.

सव्वासहाला ऑफिसचा फोन आला. खुनीबाई, मजकूर? पुरस्काराच्या बातमीसाठी पहिल्या पानावर आठ ओळी मोकळ्या ठेवल्या होत्या आणि उपसंपादकाला त्यांत घालायला नाव हवं होतं. यंदाही पात्र कादंबरी आढळली नाही का, असं त्यानं विचारलं. तसं असेल तर गेल्या वर्षीच्याच ओळी लावतो, श्रम वाचतील.

“थांब,” खुनीबाई म्हणाली. “यंदा वाचतायत.”

त्यानं सातपर्यंत मुदत दिली. तिनं जेवणाच्या टेबलावर आठ ओळी लिहून काढल्या, नावाची जागा तेवढी रिकामी ठेवली. निकालाच्या कागदावर ‘तिसरी उशी’ लिहून तिनं सही केली, डॉक्टरांनी केली, आणि पेन तिसऱ्या रेघेवर आडवं ठेवलं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही या बोलीवर सासूबाईंना स्वयंपाकघरातून सुटका मिळाली. त्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसल्या आणि वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. आता तो परिच्छेद आला असेल, आता तो, असं त्यांच्या भुवया सांगत होत्या. अंधारायला लागलं तशी खुनीबाई आत जाऊन दिवा लावून आली. अध्यक्षांनी दिव्याचे आभार मानले. तिचे मानले नाहीत.

सात वाजता फोन पुन्हा वाजला. कागदावर दोन सह्या होत्या, आणि अध्यक्षांची अजून अकरा पानं उरली होती.